त्रेचाळीस फुटांचा अर्थ

‘राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फूट.’ पावसाळ्यात हे वाक्य रेडिओवर आलं की कोल्हापूर जिल्ह्यातले सगळे कान टवकारतात. पण ऐकणारा प्रत्येक जण त्यातून वेगळंच ऐकतो. प्रयाग चिखलीच्या शेतकऱ्याला ऐकू येतं, ‘जनावरं सोडा आणि निघा.’ जयंती नाल्याकाठच्या घरातल्या बाईला ऐकू येतं, ‘धान्याची पोती माळ्यावर चढवा.’ आम्हां मलकापूरकरांना ऐकू येतं, ‘केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं असेल, नाहीतर येईल, आज कोल्हापूर गाठायचं कसं?’ आणि बार्शीच्या माणसाच्या कानावर हेच वाक्य पडलं तर त्याला काहीच ऐकू येत नाही. तो पुढच्या बातमीची वाट बघतो.

आकडा एकच, बातमी एकच, आवाजही एकच. तरी अर्थ चार. हा फरक आकड्यात नाही. ऐकणारा कुठं आहे, कोण आहे, काय करतोय आणि वेळ कोणती आहे, यात तो फरक आहे. या सगळ्याला मिळून आपण ‘संदर्भ’ म्हणतो. आज मला बोलायचं आहे ते हा संदर्भ यंत्राला कसा कळतो याबद्दल. आणि त्याहीपेक्षा, यंत्राला तो कळवणारा जो एक अदृश्य मध्यस्थ आहे, त्याच्याबद्दल. संगणकाच्या भाषेत त्याला ‘मिडलवेअर’ म्हणतात. मी त्याला मधलं सॉफ्टवेअर म्हणेन.

मी कला शाखेचा पदवीधर, आणि कविता लिहिणारा माणूस. संगणकाच्या पोटातल्या गोष्टी मी वाचून आणि जाणत्यांना विचारून समजून घेतल्या. पण ‘संदर्भ’ हा शब्द मात्र आमच्या घरातला आहे. तुमच्याही आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न असायचा, आठवतं? त्याच्या जोडीला दुसरा, ‘कोण, कोणास व केव्हा म्हणाले?’ ओळ पाठ असून भागत नसे. ती कुणाच्या तोंडी आहे, कुठल्या प्रसंगी आहे, हे सांगितलं नाही तर गुण जायचे. गंमत अशी, की संगणकशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीला यंत्रापुढं नेमका हाच प्रश्न ठेवला. अनिंद डे हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत संशोधन करत होते. त्यांनी ग्रेगरी अबाउड यांच्यासोबत संदर्भाची जी व्याख्या केली ती थोडक्यात अशी: एखाद्या माणसाची, जागेची किंवा वस्तूची परिस्थिती समजायला जी जी माहिती उपयोगी पडते, तो संदर्भ. आणि त्यातल्या चार गोष्टी मुख्य. कोण, कुठं, केव्हा, आणि काय करतोय. आमच्या पेपरातला प्रश्न त्यांच्याही पेपरात होता म्हणायचा.

आता यंत्राला आजूबाजूचं कळणं ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यात तर त्याचा नमुना कैक वर्षं डोळ्यांसमोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधायला घेतलेलं राधानगरी धरण, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्याच जोरावर दरवाजा आपोआप उघडतो. पाणी उतरलं की मिटतो. ना बटण, ना वीज, ना हुकूम. ‘राधानगरीचा एक दरवाजा उघडला’ म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी नदीत येऊ लागलं, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं.

हा दरवाजा परिस्थिती ओळखतो आणि त्याप्रमाणं वागतो. पण त्याचं ज्ञान त्याच्यापाशीच राहतं. तो कोल्हापूरला कळवत नाही. शेजारच्या तुळशी धरणाला विचारत नाही. आपण उघडलो तर खाली काय होईल, हे त्याला ठाऊक नाही. दरवाजे किती उघडले हे मोजून पुढं कळवायला तिथं माणूस लागतो. संदर्भ ओळखणाऱ्या संगणकांची पहिली पिढी थोडीफार अशीच होती. ओळखणारं यंत्र आणि काम करणारं यंत्र एकमेकांना थेट जखडलेली.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला ऑलिव्हेटी कंपनीची एक प्रयोगशाळा होती. तिथं रॉय वॉन्ट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक बिल्ला तयार केला आणि १९९२ साली त्याबद्दल लिहिलं. शर्टाला लावायचा छोटा बिल्ला. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसा न दिसणारा प्रकाश तो दर पंधरा सेकंदांनी सोडायचा आणि त्यातून आपली खूण सांगायचा. खोल्याखोल्यांत बसवलेले सेन्सर ती खूण टिपायचे. त्यामुळं अमुक माणूस आत्ता कुठल्या खोलीत आहे हे स्वागतकक्षातल्या बाईंना पडद्यावर दिसायचं आणि आलेला फोन त्या तिकडं जोडून द्यायच्या. कार्यालयात ‘साहेब जागेवर नाहीत’ हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर ऐकलं त्यांना या बिल्ल्याची थोरवी सांगायला नको. या बिल्ल्याची एक गोष्ट मला फार आवडली. अंधारात गेला की तो पेंगायला लागायचा. बॅटरी वाचावी म्हणून खूण पाठवणं तो कमी करायचा. म्हणजे टेबलाच्या खणात टाका, की निजला. ही खणाची गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

पुढं १९९४ साली बिल शिलिट आणि त्यांचे सहकारी अशा यंत्रणांसाठी ‘संदर्भ जाणणारे’ हे विशेषण वापरू लागले. कल्पना पसरल्या, प्रयोग वाढले. आणि मग खरी अडचण दिसली.

अडचण समजून घ्यायला पुन्हा नदीवर जाऊ. समजा, पुराची पातळी पाटबंधारे खात्याला हवी आहे, पोलिसांना हवी आहे, एसटीला हवी आहे, दूध संघाला हवी आहे आणि वर्तमानपत्रालाही हवी आहे. प्रत्येकानं आपापला माणूस बंधाऱ्यावर पाठवला. भर पावसात पाच माणसं, पाच छत्र्या, पाच बॅटऱ्या, आणि एकाच पट्टीवरचा एकच आकडा बघून पाच वह्यांत लिहिताहेत. त्यातून उद्या पट्टी बदलून फुटांऐवजी मीटरची बसवली, की पाचही जणांना नव्यानं शिकवा. हसू नका. सुरुवातीची संदर्भ जाणणारी सॉफ्टवेअर अगदी अशीच लिहिली जात. प्रत्येक प्रोग्रामर प्रत्येक सेन्सरशी स्वतः झगडत असे, आणि सेन्सर बदलला की प्रोग्राम कोसळत असे.

शहाणपण कशात आहे? एक नियंत्रण कक्ष ठेवायचा. सगळी माहिती तिथं येऊ द्यायची आणि ज्याला हवी त्यानं तिथून घ्यायची. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पावसाळ्यात हेच करतो. राधानगरीहून दरवाजे कळतात. आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या गेळवड्याहून कासारी धरणाचा विसर्ग कळतो. बंधाऱ्यावरून पातळी कळते, रस्त्यांवरून कुठं पाणी आलं ते कळतं. कक्ष ते जुळवतो आणि ज्याला जे हवं ते त्याला सांगतो. एसटीच्या मलकापूर आगाराला धरणातल्या पाण्याचं गणित नको असतं. केर्लीचा रस्ता चालू की बंद, एवढंच हवं असतं. मधलं सॉफ्टवेअर म्हणजे हा कक्ष, फक्त माणसांऐवजी प्रोग्राममध्ये बांधलेला. खाली सेन्सर, वर अ‍ॅप, आणि मध्ये तो. ‘मिडलवेअर’ हा शब्द तसा जुना. सॉफ्टवेअर कसं बांधावं याचा विचार करायला १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथं नाटोनं परिषद भरवली होती, तिच्या अहवालात तो सापडतो. संदर्भाच्या कामाला तो जुंपला गेला बऱ्याच उशिरा.

डे, अबाउड आणि डॅनियल साल्बर यांनी १९९९ मध्ये असा एक संच जगापुढं ठेवला. त्याची रचना पुराच्या उदाहरणानं चांगली कळते. सर्वांत खाली प्रत्येक सेन्सरपाशी एक रखवालदार प्रोग्राम. पट्टी फुटांची असो की मीटरची, लाकडी असो की रडारची, ती भानगड रखवालदार आपल्यापाशी ठेवतो आणि वर फक्त ‘पातळी’ सांगतो. यंत्र बदललं तरी वरच्यांना पत्ता लागत नाही. त्याच्यावर दुभाषी. त्याचं काम आकड्याचा अर्थ लावण्याचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. दुभाषी आकडा घेतो आणि ‘धोका’ हा शब्द देतो. तिसरा जुळवणारा. एका गावाविषयी, एका माणसाविषयी, एका रस्त्याविषयी ठिकठिकाणाहून आलेलं तो एका जागी ठेवतो. आणि चौथा चौकशी-खिडकीवरचा बाबू. कुठला सेन्सर चालू आहे, कुठला दुभाषी काय जाणतो, याची यादी त्याच्याकडं असते.

शिवाय अशा मधल्या सॉफ्टवेअरची एक सोय मोठी सुखाची आहे. अ‍ॅपला दर मिनिटाला ‘किती झालं? किती झालं?’ असं विचारत बसावं लागत नाही. वर्तमानपत्र लावतो तशी आधीच नोंद करून ठेवायची: पातळी ३९ ओलांडेल तेव्हा मला सांग, तोवर गप्प बस. आणि मागचं सगळं जपून ठेवलेलं असतं. त्यामुळं ‘आत्ता किती’ याबरोबर ‘गेल्या सहा तासांत किती चढलं’ हेही विचारता येतं. नदीकाठच्या माणसाला विचाराल तर तो हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा मानतो. ४१ फुटांवर रात्रभर थांबलेलं पाणी आणि ३५ वरून चार तासांत ४१ वर आलेलं पाणी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागानं कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी अशी यंत्रणा २०१० नंतरच्या वर्षांत उभी केली. खोऱ्यात ठिकठिकाणी पाऊस आणि पातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रं. ती आपली नोंद आपणच पाठवतात, ती पुण्याला एकत्र होते, आणि तिच्या आधारे नदीत पुढं किती पाणी येईल याचा अंदाज बांधता येतो. राधानगरीच्या दरवाजाला जे जमत नव्हतं, म्हणजे दुसऱ्याला सांगणं आणि दुसऱ्याचं ऐकणं, ते इथं जमतं.

मग सगळं छान झालं का? थांबा. खरी परीक्षा इथून पुढं आहे.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशा दिवसांत काय होतं? वीज जाते. मोबाईलचे मनोरे मुके होतात. आता कल्पना करा, बंधाऱ्यावरच्या एखाद्या सेन्सरनं ४४ फूट कळवलं आणि तो बंद पडला. मधल्या सॉफ्टवेअरकडं शेवटचा आकडा ४४ आहे. तुम्ही अ‍ॅप उघडलं, त्यानं ४४ दाखवले. तासाभरानं उघडलं, तरी ४४. तुम्हाला वाटतं, चला, पाणी थांबलं. पाणी थांबलेलं नाही, सांगणारा थांबलाय. पुरात माणसाचा जीव जाऊ शकतो तो अशा खोट्या दिलाशानं.

म्हणून चांगल्या मधल्या सॉफ्टवेअरचं लक्षण मला विचाराल तर ते वेगात नाही. ते प्रत्येक माहितीला एक चिठ्ठी चिकटवतं. ही माहिती किती वाजताची, कुणाकडून आलेली, आणि तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा. ‘४४ फूट, पण हे तीन तासांपूर्वीचं, त्यानंतर तिकडून काहीच आलेलं नाही.’ हे वाक्य नुसत्या ‘४४ फूट’पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. काहीच न कळणं म्हणजे ‘सगळं ठीक’ नव्हे, हे यंत्राला मुद्दाम शिकवावं लागतं. आपल्याकडं जुन्या माणसांना ते न शिकवता कळत होतं. घाटातून निघालेली गाडी वेळेवर आली नाही की कुणी ‘काही कळलं नाही, म्हणजे बरंच असेल’ असं म्हणत बसत नसे. बॅटरी घेऊन बघायला जात.

दुभाष्याचीही एक गोम आहे. ४३ म्हणजे धोका हे ठरवलं कुणी? माणसांनी. आणि राजाराम बंधाऱ्यासाठी. तो धोका कडवी नदीला लागू नाही आणि आंबा घाटातल्या सुटलेल्या दरडीला तर मुळीच नाही. दुभाषी चुकीच्या गावाला बसवला तर तो अत्यंत आत्मविश्वासानं चुकीचा अर्थ सांगेल. भाषांतराचं थोडंबहुत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला यात आश्चर्य वाटत नाही.

आता हेच तुमच्या खिशात बघू. स्मार्टफोनमधल्या अ‍ॅपला ‘मी कुठं आहे’ हे हवं असतं. जीपीएसला उघडं आभाळ लागतं आणि ते बॅटरी खातं. मोबाईलच्या मनोऱ्यावरून अंदाज येतो, पण ढोबळ. आसपासच्या वायफायवरून शहरात बरा येतो, रानात येत नाही. यातलं काय, कधी आणि किती वापरायचं हे प्रत्येक अ‍ॅपनं ठरवायचं म्हटलं तर पुन्हा बंधाऱ्यावर पाच माणसं आली. म्हणून गूगलनं २०१३ मध्ये अँड्रॉइडसाठी एक मधला थर दिला. तो हे सगळे स्रोत एकत्र करतो आणि अ‍ॅपला तयार उत्तर देतो. अ‍ॅपनं फक्त सांगायचं: मला नेमकं हवं, की बॅटरी वाचवून अंदाजे चालेल? तुम्ही रिक्षा बोलावता, हवामान बघता, नकाशा उघडता तेव्हा हा थर राबत असतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसतं, आणि तसं ते नसावं अशीच त्याची घडण आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप या सगळ्याचं उत्तम उदाहरण आहे. देशभरात ऐंशीहून अधिक सेन्सर विजांचा ठाव घेतात. एकीकडून वीज कुठं पडतेय ते येतं, दुसरीकडून तुमचा फोन कुठं आहे ते येतं. दोन्ही जुळवून तुमच्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा होत असतील तर ते सावध करतं. वळवाच्या दिवसांत रानात असलेल्या माणसाला याचं मोल काय सांगावं! देशात कुठंतरी वीज पडली ही बातमी झाली. तुमच्याकडं येतेय, हा संदर्भ.

उसाच्या पट्ट्यातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या शेजारची आहे. वारणा खोऱ्यात १९९८ साली सरकारनं आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून सत्तरएक गावांना संगणकानं जोडायचा प्रकल्प सुरू केला. गावातल्या केंद्रावर जायचं आणि ऊस किती गेला, खत किती उचललं हे बघायचं. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तीच सगळी कामं चालवून दाखवली. ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. आता बघा, खालची माहिती तीच होती, विचारणारेही तेच होते. बदललं ते मधलं. आणि २०२४ मध्ये बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर उसाचे जे प्रयोग केले, त्यांच्या पोटातही असाच मधला थर होता. मातीतली ओल, हवामान आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करणारा. लोकांनी चर्चा केली ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. पण तिला शेत दाखवणारा जो होता, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

बोलायला हवं. कारण मधला जो असतो, त्याला सगळंच ठाऊक असतं.

इथं मी माझ्या घरातलं उदाहरण देतो. नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणून त्या गावागणिक थोड्या बदलतात. मशिदीत छापील तक्ता असतोच. पण प्रवासात असलेला माणूस आता फोनमधलं अ‍ॅप बघतो. ते तुमचं ठिकाण घेऊन वेळ सांगतं, आणि किब्ल्याची म्हणजे काबागृहाची दिशाही दाखवतं. रमजानमध्ये मगरिबच्या वेळी, उपवास सोडताना, घरोघरी त्याच्याकडं डोळे लागलेले असतात. संदर्भ जाणणाऱ्या अ‍ॅपचा याहून साधा आणि निरुपद्रवी नमुना सापडायचा नाही.

पण नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तस्थळानं एक बातमी दिली. ‘मुस्लिम प्रो’ नावाच्या, जगभर कोट्यवधी फोनांवर उतरवल्या गेलेल्या अशाच एका अ‍ॅपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडं जात होती, आणि एक्स-मोडकडून ती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोचत होती. बातमी आल्यावर अ‍ॅपवाल्यांनी एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं त्या कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला मनाई केली. एक्स-मोड काय करायची? वेगवेगळ्या अ‍ॅपवाल्यांना आपला एक तयार तुकडा द्यायची, तो त्यांनी आपल्या अ‍ॅपमध्ये बसवायचा. म्हणजे तीही मधलीच मंडळी. फक्त ही वरच्यांना माहिती पुरवणारी नव्हती, बाजूच्या दारानं बाहेर नेणारी होती.

ही एका धर्माच्या अ‍ॅपची गोष्ट नाही. त्याच कंपनीचा तुकडा इतर साध्यासुध्या अ‍ॅपमध्येही होता. माणूस रोज सकाळी कुठं जातो, कुठल्या दवाखान्यात बसतो, कुठल्या सभेला थांबतो, हे कळलं की त्याचं नाव विचारायची गरज उरत नाही. कोण, कुठं, केव्हा, काय करतोय. चारही उत्तरं आली की स्पष्टीकरण पूर्ण.

आता एक हिशेब करून बघा. सूर्यास्त रेखांशावर अवलंबून, एका अंशाला चार मिनिटं. मलकापूर आणि कोल्हापूर यांच्या रेखांशात जेमतेम एक तृतीयांश अंशाचा फरक. म्हणजे मलकापूरचा सूर्यास्त कोल्हापूरनंतर सव्वा मिनिटाच्या आसपास. मगरिबची वेळ सांगायला अ‍ॅपला माझा तालुका कळला तरी भरपूर झालं. माझी गल्ली, माझं घर, माझ्या घराचा कोपरा त्याला कशाला हवा? दामिनीलाही चार-दोन किलोमीटर इकडंतिकडं चालतात. रिक्षावाल्याला मात्र दार लागतं.

हे ठरवण्याची योग्य जागा म्हणजे तो मधला थर. अ‍ॅप वर, सेन्सर खाली. फोन नेमकी जागा जाणतो, पण वर किती सांगायचं हे मधल्यानं ठरवायचं. याला तालुका सांग, त्याला दार सांग, तिसऱ्याला काहीच सांगू नको. तंत्राला हे अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पर्यंत अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एका फटक्यात द्याव्या लागत. मग त्या एकेक करून देता येऊ लागल्या. २०२० मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ ही सोय आली. आणि २०२१ पासून ‘नेमकं’ की ‘अंदाजे’ हे निवडता येतं. केंब्रिजच्या बिल्ल्याला लाभलेला टेबलाचा खण फोनमध्ये यायला जवळपास तीस वर्षं लागली. आपल्याकडं २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. पण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अंदाजे’वर बोट ठेवायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. आज रविवार आहे. चहा घेता घेता बघून टाका. कुठलं अ‍ॅप तुमचं काय काय जाणतं, याची यादी तिथं मिळते, आणि ती बघून चहा थोडा कडू लागण्याची शक्यता आहे.

सगळ्याच गोष्टींना तुमचा ठावठिकाणा लागतो असंही नाही. २०२३ मध्ये एक दिवस तुमचा फोन अचानक मोठ्यानं केकाटला होता, आठवतं? दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश होता तो. घरोघरी घबराट उडाली होती. त्या पद्धतीत मनोरा आपल्या परिसरातल्या सगळ्या फोनना एकदम सांगतो. कुठला फोन कुणाचा, हे तो विचारत नाही, आणि फोनही उत्तर देत नाही. म्हणजे हा आपला जुना रेडिओच, फक्त एका मनोऱ्याच्या टापूपुरता. चिखलीच्या मनोऱ्यावरून ‘निघा’ असा संदेश गेला तर तो चिखलीतल्या प्रत्येकाला जाईल, पाव्हण्यालाही, आणि कुणाची नोंद कुठं होणार नाही. पुरासाठी मला हीच पद्धत पहिली वाटते.

पण मलकापूरहून पहाटे पेशंट घेऊन कोल्हापूरला निघालेल्या जीपवाल्याचं काय? केर्लीला पाणी आलंय हा संदेश केर्लीच्या मनोऱ्यावर वाजतो. हा अजून मलकापूरच्या मनोऱ्याखाली आहे, त्याचा फोन गप्पच. त्याला ते बांबवड्यात कळायला हवं, म्हणजे पुढं जायचं की गाडी तिथंच उभी करून दुसरा रस्ता विचारायचा हे ठरवता येईल. आणि बांबवड्यात कळायचं तर तो कुठून निघालाय आणि कुठं चाललाय, हे मधल्या कुणालातरी माहीत असावंच लागतं.